अनसाच्या दाढेतली चांदी

आमची अनसा नव्या माणसाचे आधी दात बघायची. तलाठी येवो, सोयरा येवो, नाहीतर मतं मागायला आलेला पुढारी येवो. तो बोलायला लागला की ही चहाचा कप हातात धरून त्याच्या तोंडात नजर घालून उभी. माणूस उंबऱ्याबाहेर गेला की निकाल द्यायची. एका पुढाऱ्याला म्हणाली होती, "दात जुळेल शेतस, पन दम नही." म्हणजे वय झालंय, पण जुंपायच्या कामाचा नाही. तो निवडून आला आणि पाच वर्षं गावात फिरकला नाही. तेव्हापासून गावातले लोक उमेदवार आला की म्हणायचे, आधी अनसाक्काला दाखवा.

ही सवय माहेरची. तिचा बाप साक्रीकडच्या आठवडी बाजारात बैलांचा दलाल. सगळे त्याला आबा म्हणत. बैलाचं वय दातात असतं. आदत म्हणजे दुधाचे दात असलेला, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, सगळे दात आले की जुळलेला. त्यानंतर दात झिजत जातात, आणि झिजेवरून बैल किती राबलाय ते जाणता माणूस सांगतो. अनसा बापाबरोबर लहानपणापासून बाजारात उभी राहिलेली. मारका बैल असला तरी नाकाजवळ हात घालून खालचा ओठ ओढायची. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, ती तेवढीही नाही. पण बाजारात उभी राहिली की चार गडी गप्प राहून ती काय म्हणते ते ऐकत.

मी तिला बघायला गेलो ती गोष्ट सांगतो. मी चोपड्याकडचा, आमची केळी आणि कापूस. बरोबर माझा बाप आणि आत्या. चहा झाला, सुपारी फुटायची वेळ आली, तेव्हा आबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "एक गोष्ट आधीच सांगस. पोरन्या दोन दाढा किडेल व्हत्यात. धुयाले लई जाईसन डॉक्टरकडथून चांदी भरेल शे. मी खोड लपाडीसन बैल इकत नही, पोर कशी देऊ?"

माझा बाप हसला. म्हणाला, "आबा, बैलाचं सांगतात. पोरीचं कोणी सांगतं का?"

"बैल परत करता येस," आबा म्हणाले. "पोर परत येवाले नको."

आत्या आमची खट. ती म्हणाली, दाखव बरं बाई. दुसरी एखादी मान खाली घालून रडली असती. अनसाने पदर सावरला, उजेडाकडे तोंड केलं आणि जांभई द्यावी तसं मोठं तोंड उघडलं. उजव्या बाजूला खाली मागे दोन दाढा, त्यांच्या मधोमध चकचकीत चांदी. आम्ही सगळ्यांनी वाकून बघितली. आत्या म्हणाली, चांगली बसवली आहे. मग अनसाने तोंड मिटलं आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "आते तुम्ही दखाडा."

बैठक हसून लोटपोट. माझा बाप म्हणाला, दाखव रे, मागते आहे तर. मी दाखवले. तिने नीट बघितलं आणि बापाला सांगितलं, "तंबाखू खातस. बाकी चांगला शेत."

असं आमचं लग्न जमलं.

ही चांदी तिला दागिन्यापेक्षा मोठी होती. दागिने पुढे मोडले, परत केले, परत मोडले, शेतकऱ्याच्या घरात ते चालतंच. चांदी मात्र तोंडात कायम. आबा गेले तेव्हा ती तेराव्यानंतर परत आली आणि आरशासमोर तोंड उघडून उभी राहिली. मी विचारलं काय बघतेस. म्हणाली, "बापले दखस."

आणि ती चांदीवर विसंबली. हे तुम्हाला सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. तिचा हिशोब साधा होता. जे दात देवाने दिले ते कच्चे, जे बापाने भरले ते पक्के. म्हणून जे काही कठीण असेल ते त्या बाजूने चावायचं, बाकीचे दात राखायचे. ऊस तिकडे, फुटाणे तिकडे, सुपारी तिकडे. पोराला सांगायची, चांगल्या बैलाला विसावा द्यावा, दणकट असेल त्याला जुंपावं. जेवल्यावर मिसरी लावायची तीही तिकडेच. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, वाटायची आणि डबीत भरायची. चिमूटभर मिसरी दाढेशी दाबून ठेवली की दुपारभर निंदणी करू शकायची. अख्ख्या शिवारात तिच्या हातच्या मिसरीचं नाव. बांधावर बाया जेवायला बसल्या की डबी अनसाक्काची.

बैलाचे दात झिजतात, पण ते असे किडत नाहीत. तो दिवसभर गवत चघळतो, गूळ आणि सुपारी खात नाही. अनसाला झिजणं आतून-बाहेरून ठाऊक होतं. किडणं तिला फक्त एकदा झालेलं, आणि ते बापाने बंद केलेलं. एकदा बंद केलं म्हणजे संपलं, असं ती धरून चालली. मीही तसंच धरलं. गावात सगळेच तसं धरतात. दात भरून घेतला की माणूस म्हणतो, झालं, आता मरेपर्यंत बघायला नको.

पन्नासेक वर्षं बघितलंही नाही.

मग ती थंड पाणी पिताना मान वाकडी करायला लागली. मी विचारलं, दुखतंय का. "नही." गूळ खाणं सोडलं. विचारलं तर म्हणाली, गोड आवडत नाही आता. गोड न आवडणारी बाई मी तरी खानदेशात बघितली नाही. एक दिवस बाजाराला चोपड्याला गेलो होतो, तिथे एक नवीन दाताची डॉक्टरीण बसायला लागली होती, मी अनसाला तिच्या दारात नेऊन उभी केली. आधी सांगितलं असतं तर आली नसती.

डॉक्टरबाई पोरीच्या वयाची. म्हणाली, "या आजी, बसा."

"आजी कोन्ही? मी आजूनबी कोयडी भाकर तोडस," अनसा खुर्चीत बसत म्हणाली. कोयडी म्हणजे कोरडी. भिजवलेल्या भाकरीचा तिला राग. भाकर कालवून खायची वेळ आली की माणूस संपला, असं ती म्हणायची.

डॉक्टरबाईने बारीक आरसा घातला, टोकदार सळईने चांदीच्या कडेला टोचलं. अनसा खुर्चीवरून अर्धी उठली. मग फोटो काढला आणि आम्हाला दाखवला. चांदी पांढरीशुभ्र दिसत होती, आणि तिच्या खाली, कडेने, काळी सावली.

"चांदी चांगली आहे आजी," डॉक्टरबाई म्हणाली. "पण चांदी आणि दात यांच्या मधे फट पडली आहे. वर्षानुवर्षं चावून पडते. त्या फटीत अन्न जातं, तिथे ब्रश पोचत नाही, आणि कीड चांदीच्या कडेकडेने खाली उतरते. वरून बघितलं तर दात शाबूत. खाली पोकळ. जुनी चांदी काढून खालचं साफ करावं लागेल. आता केलं तर दोन्ही दाढा वाचतील. ही मागची थांबली नाही तर उपटावी लागेल."

अनसाने फोटोकडे बघितलं. "फोटोमां बठ्ठंच काळं-धवळं ऱ्हास," म्हणाली, म्हणजे फोटोत सगळंच काळंपांढरं, आणि खुर्चीवरून उतरली.

दारात मी तिचा हात धरला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मन्हा बापनी चांदी शे ती. ती नही काढानी."

बोलून उपयोग असता तर बोललो असतो. बाईला मी ओळखत होतो.

मग घरगुती उपाय सुरू झाले. लवंग दाबली, मिठाच्या गुळण्या झाल्या, पेरूची पानं उकळली. मिसरी वाढली, कारण मिसरीने दाढ बधिर व्हायची. ती डाव्या बाजूने चावायला लागली. हे मला तिच्या तोंडाच्या हालचालीवरून कळलं, ती सांगणारी नव्हती. आणि एक दिवस दुपारी मी शेतातून अवचित घरी आलो, तर ही चुलीजवळ पाठमोरी बसून वाटीतल्या दुधात भाकर कुस्करत होती. मला बघून तिने वाटी पदराखाली घेतली. तरणी होती तेव्हाही माझ्यापासून तिने काही लपवलं नव्हतं. मी पाणी पिऊन आल्या पावली परत गेलो.

पोळ्याला गोष्ट हाताबाहेर गेली. ट्रॅक्टर आला तरी आम्ही एक जोडी ठेवली आहे, ती अनसाच्या हट्टाने. पोळ्याला बैलांना धुणं, शिंगं रंगवणं माझं, आणि पुरणपोळी भरवणं तिचं. त्या सकाळी ती ताट घेऊन आली तर उजवा गाल एवढा सुजलेला की डोळा बारीक झाला होता. पदराने गाल झाकून ती बैलाला पोळी भरवत होती. बैल खात होता आणि हिच्या डोळ्यातून पाणी गळत होतं. रडत नव्हती. दुखत होतं म्हणून गळत होतं.

मी शिंगाचा ब्रश खाली ठेवला आणि म्हणालो, "अनसा, दुखणाऱ्या बैलाला तुझ्या बापाने झूल घालून बाजारात उभा केला असता का?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग ताटातली उरलेली पोळी दुसऱ्या बैलाच्या तोंडात दिली, हात धुतले आणि म्हणाली, "सकाये चाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. आधी गोळ्या दिल्या, सूज उतरू दिली, मग डॉक्टरबाईने बोलावलं. खुर्चीत बसल्यावर अनसा म्हणाली, मला आरसा पाहिजे. डॉक्टरबाई म्हणाली, आजी, बघू नका, घाबराल. "मी गाय जनताना दखेल शे," अनसा म्हणाली. मग तिच्या हातात मोठा आरसा दिला. डॉक्टरबाई मधे मधे थांबायची आणि ती बघायची.

चांदी निघाली. मीही वाकून बघितलं. खाली दात नव्हता, नुसता भिजलेल्या लाकडाचा भुसा. तपकिरी, मऊ. डॉक्टरबाईने सळईने उकरला तर लोण्यासारखा निघाला. वर इतकी वर्षं चांदी चमकत होती.

अनसाने पाण्याने चूळ भरली. अर्धं तोंड बधिर, शब्द नीट निघत नव्हते. तिने विचारलं, "मन्हा बाप चुकना का?"

त्या पोरीचं मी आजही नाव घेतो. ती हसली नाही. तिने हातातलं हत्यार खाली ठेवलं आणि म्हणाली, "नाही आजी. बाबांनी त्या काळात तुम्हाला धुळ्याला नेलं, म्हणून ही दाढ आजपर्यंत राहिली. भरणारानेही काम चोख केलं होतं. पण भरलेल्या दाताकडे मधून मधून बघावं लागतं. ते कोणी तुम्हाला सांगितलं नाही."

अनसा आरशात बघत राहिली. मग म्हणाली, "बापनी घर बांधी दिन्हं. झाडझूड तं मालेच करनी व्हती." आरसा तिने उपडा ठेवला आणि तोंड उघडलं.

मागच्या दाढेचं काम लांबलं, रूट कॅनल झालं, वर टोपी बसली. पुढच्या दाढेची चांदी अजून दुखत नव्हती. डॉक्टरबाई म्हणाली, ती पुढच्या खेपेला बघू. अनसा म्हणाली, "नही. तिलेबी उघाडा. दाढ आज गोड बोलस, उद्या मारस." तिच्याखालीही कीड निघाली, पण वरवरची. साफ करून पांढरा मसाला भरला. घरी येताना मला वाटलं, आता ही चांदीसाठी रडेल. बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. मला म्हणाली, डबी काढा पिशवीतून. मी मिसरीची डबी दिली. तिने झाकण काढलं आणि डबी खिडकीबाहेर उलटी केली. मागच्या सीटवरच्या माणसाच्या सदऱ्यावर सगळी मिसरी. तो बोंबलला. ही मागे वळून म्हणाली, "भाऊ, झटकी टाका. तुम्हना सदरावर गयी ते बरं, मन्हा तोंडमां जात नही आते."

मिसरी सोडणं सोपं नसतं. जो म्हणतो सोपं आहे त्याने कधी लावली नाही. काही महिने घरात वाघीण होती. बडीशेप चघळायची, माझ्यावर डाफरायची, भांडी आपटायची. सुनेने सुरतेहून फोन केला तर तिच्यावरही डाफरली. पण परत लावली नाही. एकदाही नाही.

मला तिचा सर्वात जास्त अभिमान कशाचा आहे, ते आता सांगतो. दाढ वाचली त्याचा नाही. ते डॉक्टरबाईचं काम.

कापूस वेचायचे दिवस होते. बांधावर बाया जेवायला बसल्या होत्या. मी झाडाखाली गोण्या शिवत होतो. जेवण झालं तशी शेजारची गंगूबाई हात पुढे करून म्हणाली, "अक्का, डबी काढ व माय."

"डबी नही."

"सरनी का?"

"फेकी दिन्ही." आणि अनसा बांधावर उभी राहिली. म्हणाली, आठे या, आणि दखा. मी तिला बघायला गेलो त्या दिवशी बैठकीत उघडलं होतं तसंच तोंड उघडलं, बोटाने गाल ओढला आणि एकेकीला वाकून बघायला लावलं.

गंगूबाई म्हणाली, "दात दखाडी ऱ्हायनी का चावाले उठनी?" सगळ्या हसल्या. अनसा हसली नाही. तिने सगळं सांगितलं. चांदीखाली भुसा कसा निघाला ते सांगितलं. दुधात भाकर कुस्करून नवऱ्यापासून लपून खाल्ली, हेसुद्धा सांगितलं. ज्या बाईने आयुष्यभर भिजवलेल्या भाकरीला नावं ठेवली, तिने हे पन्नास बायांसमोर, नसतील पन्नास, पण शिवारभर जाईल एवढ्या बायांसमोर सांगितलं. माझ्या हातातली सुई थांबली. आपली खोड अशी चारचौघात उघडी करायला छाती लागते. माझ्यात नाही ती. बऱ्याच पुरुषांत नाही.

मग तिने विचारलं, तुमच्यापैकी कोणाकोणाच्या दाढा भरलेल्या आहेत. निघाल्या की. कोणाची दहा वर्षांपूर्वी, कोणाची लग्नाआधीची. पुढच्या बाजाराच्या दिवशी तिने एक गाडी ठरवली आणि त्या सगळ्यांना कोंबून चोपड्याला नेलं. डॉक्टरबाई दारात बघत राहिली. ज्यांचं काही निघालं नाही त्या म्हणाल्या, उगाच दिवस मोडला. गंगूबाईची चांदी काढावी लागली, आणि ती महिनाभर अनसाला शिव्या देत होती. माझा चांगला दात कोरायला लावला, म्हणायची, न दुखणारा. अनसा ऐकून घ्यायची. एवढंच म्हणायची, "दुखीन तधळ उशीर व्हयेल ऱ्हास." म्हणजे दुखेल तेव्हा उशीर झालेला असतो. आम्हाला दोघांनाही ते कळलं होतं.

मग दर दिवाळीच्या आधी तिची फेरी ठरलेली. घराला रंग द्यायच्या आधी दात. मलाही ओढायची. मी म्हणायचो, माझे राहिलेत किती. "जे शेत ते तरी," म्हणायची.

मागच्या थंडीत तिला झटका आला. सकाळी गोठ्यात शेण काढत होती, तिथेच बसली. जळगावला नेलं, काही दिवस ठेवलं, मग डॉक्टर म्हणाले घरी न्या. घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. बोलणं आधीच बंद झालं होतं. मला शेवटचं काय म्हणाली असं लोक विचारतात. काही म्हणाली नाही. म्हणून मी तिचं हे जुनं बोलणं सांगत बसतो.

अंगणात बाया जमल्या. तोंडात तुळशीचं पान आणि सोन्याची कणी ठेवायची असते. ते काम वयाने मोठ्या बाईचं, म्हणून गंगूबाई पुढे झाली. तिने हनुवटी धरून तोंड उघडलं, कणी ठेवली आणि तशीच थांबली. हात काढेना. मग रडता रडता म्हणाली, "बठ्ठा दात शेतस व माय. एकबी पडेल नही."

मी तोपर्यंत भिंतीला टेकून बसलो होतो. मी उठलो. सुनेला म्हणालो, बाजूला हो, उजेड येऊ दे. बायांना म्हणालो, थोडा वेळ रडणं थांबवा आणि बघून घ्या. सत्तरी ओलांडलेली बाई आहे. झटका येईपर्यंत कोरडी भाकर तोडत होती. कोणी फुकट दिलेले नाहीत हे दात, तिने राखलेत.

पोरगा माझा दंड धरून म्हणाला, "नाना, असं नका करू. लोक काय म्हणतील."

लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलं. म्हातारा बायको गेल्याने खुळावला, असं अजूनही म्हणतात. पण त्या दिवशी बाया एकेक करून पुढे आल्या आणि वाकून बघून गेल्या. सगळ्यांचं बघून झाल्यावर मी स्वतःच्या हाताने तिचं तोंड मिटलं.